जपलेलं सोंग

“म्युझियमवाले, चला, उतरून घ्या पटापट!”

वर्षभर हे वाक्य माझ्या तोंडून सहज निघतं. वैशाख लागला की घशात अडकतं. मी शहापूर-मुरबाड गाडीवर कंडक्टर आहे. या रस्त्यावरचे बाकीचे थांबे जुने. कुठे वड, कुठे शाळा, कुठे नुसताच फाटा. हा एकच नवा. पाटीवर ‘संग्रहालय’ असं झोकात लिहिलंय, पण गाडीत कुणाची जीभ तिकडे वळत नाही. कुणी म्युझियम म्हणतं, कुणी मुजियम, आणि बाजाराला जाणारी एक म्हातारी मला हटकून विचारते, “बाय, देवीचं हापिस आलं का गो?” पोरं फिदीफिदी हसतात. मला हसू येत नाही, कारण आत जी देवी आहे ती आमच्या घरची आहे.

आता बाहेर बघा. रस्त्याच्या दोन्ही अंगांना राब भाजलेले काळे चौकोन पडलेत. पालापाचोळा, शेण, गवत अंथरून जमीन भाजून काढायची आणि पावसाळ्यात तिथे भाताचं रोप टाकायचं, ही आमच्याकडची रीत. त्याचा धूर खिडकीतून आत येतो, कल्याणहून आलेली एखादी बाई ओढणी नाकाला लावते आणि माझ्याकडे असं बघते की तो मीच पेटवलाय. सीटचं रेक्झिन चटके देतं. वाटेत करवंदांच्या पाट्या घेऊन बायका चढतात, पाटीवर हिरवी पानं झाकलेली, आणि गाडीभर त्या चिकाचा आंबटगोड वास पसरतो. धूर, करवंदं आणि घाम. हे तिन्ही एकत्र नाकात गेले की माझ्या कानात संबळ वाजायला लागतो. बाहेर कुठेच वाजत नसतो, एवढं मला कळतं.

हा बोहाड्याचा हंगाम. मुरबाडच्या पुढे, वैशाखरे गावाच्या अलीकडे, मुख्य रस्ता सोडून आत गेलं की आमचं गाव. शेतात काम नसतं, पाऊस अजून लांब असतो, तेवढ्या दिवसांत आमच्याकडे देव नाचतात. गणपती येतो, मारुती येतो, रावण येतो, राक्षस येतात. कागदाच्या लगद्याचे मोठाले, रंगवलेले मुखवटे. त्यांना आम्ही सोंगं म्हणतो. प्रत्येक सोंगाचा मान एकेका घराकडे. गणपती पाटलांकडे, मारुती खालच्या आळीला, आणि देवी आमच्या घराला. देवी सगळ्यात शेवटी येते, उजाडताना, महिषासुराला मारायला. बाकीची सोंगं बघताना आम्ही पोरं आईच्या मांडीवर डुलक्या काढायचो. पूर्वेकडचा डोंगर दिसायला लागला की आई चिमटा काढून उठवायची.

आणि मग आबा यायचे. नाही, चुकलं. आबा यायचे नाहीत, देवी यायची. हिरवं लुगडं, हातभर बांगड्या, आणि मानेवर ते भलंमोठं पिवळंधम्मक तोंड, लाल कपाळाचं, डोळे असे की कुठूनही बघा, तुमच्याकडेच बघतात. संबळवाला घाम गाळून वाजवायचा, पिपाणी कोकलायची, आणि देवी पाय आपटत रिंगणात फिरायची. राक्षस पडला की बायका ओटी भरायला रांग लावायच्या. नारळ, तांदूळ, खण. त्या रांगेत माझी आई असायची. स्वतःच्या नवऱ्याच्या पायावर डोकं ठेवायची, त्याच्या पदरात ओटी घालायची आणि काय काय मागायची. मी एकदा तिला विचारलं होतं, “तू आबाची ओटी कशी काय भरतेस?” तिने माझ्या पाठीत एक धपाटा घातला.

“ते आबा नाय. सोंग चढलं की ती आय हाय. तुझीबी आन् माजीबी.”

त्याच दिवशी दुपारी आबा ओसरीवर उघड्या अंगाने घोरत पडलेले असायचे आणि आई त्यांना नाही नाही ते बोलत भाकरी वाढायची. मला त्यात कधी काही विसंगत वाटलं नाही. माणूस सकाळी देवी आणि दुपारी घोरणारा बाप असू शकतो, हे आम्हाला अक्षरओळखीच्या आधी कळलं होतं.

खरी मजा मात्र बोहाड्याच्या आधीच्या दुपारची. आबा माळ्यावरून सोंग उतरवायचे. जुन्या लुगड्यात गुंडाळलेलं असायचं. आई चिंचोके भिजवून, वाटून, त्याची खळ शिजवायची. तो वास काही फार चांगला नसतो, पण मला अजून आवडतो. कुठे पोपडा उडालेला, कुठे उंदराने कुरतडलेलं, तिथे आबा कागद चिकटवायचे. मग रंग. पिवळा दरवर्षी नव्याने द्यायचा, कालचा कितीही चांगला असला तरी. “नव्या वर्साला जुन्या तोंडानं जाती का ती?” असं म्हणायचे. मी आणि माझा धाकटा भाऊ बाळू रंगाच्या वाट्या धरून बसायचो. डोळ्यांतला काळा ठिपका आबा सगळ्यात शेवटी द्यायचे आणि तेव्हा घरात कुणी बोलायचं नाही.

एक नियम मात्र सक्त होता. सोंगाची पाठ बघायची नाही. पाठ म्हणजे आतली पोकळ बाजू, जिथे माणूस तोंड घालतो. ती फक्त घालणाऱ्याने बघायची. रंगवताना सोंग तांदळाच्या सुपावर उताणं असायचं, उचलायचं झालं की आबा ते जरासं कलतं करून आधी खांद्यावरचा पंचा पाठीवर टाकायचे आणि मगच उचलायचे. बाळूला सूट होती, कारण पुढे मान त्याच्याकडे जाणार. मला नव्हती. मी पोर होते, डोकं वाकडं करून, जमिनीला गाल लावून बघायचा प्रयत्न करायचे. आबांचा आवाज यायचा, “सुमे, मान मोडंल.” तेवढ्यावर मी उठायचे.

आणखी एक गोष्ट होती, आणि या सगळ्या लिहिण्याचं मूळ तीच आहे. सोंग कायमचं नसतं. ते फुटतं. आपण फोडायचं नाही, त्याचं त्याने फुटायला हवं. नाचताना, पडून, नाहीतर म्हातारं होऊन. कान गेला, नथ गेली तर ते फुटणं नव्हे, ती दुरुस्ती. कपाळ दुभंगलं की फुटलं. मग ते घागरीत भिजत घालायचं. लगदा झाला की त्यातला मूठभर काढून ठेवायचा आणि बाकीचा काळू नदीला पूर आला की सोडून द्यायचा. ती मूठ नव्या लगद्यात मळायची आणि त्याचं नवं सोंग करायचं. आज्याचं सोंग फुटलं तेव्हा आबा लग्नाचे व्हायचे होते. त्यांनी स्वतःच्या हाताने हे मळलं. म्हणजे देवी किती जुनी, तर कुणालाच माहीत नाही. आणि सोंग किती जुनं, तर आबांच्या तरुणपणाएवढं. जुनं नदीला गेल्याशिवाय नवं करायचं नाही. एक देवी दोन तोंडांनी येत नाही.

बरं, मग हे सोंग काचेत कसं गेलं?

वाळवीने. दुसरं कुणी नाही. आमच्या घराचा माळा वाळवीने धरला, आणि एका वैशाखात लुगडं सोडलं तर देवीचा डावा कान आबांच्या हातात आला. नुसता भुगा. आबा त्या दिवशी जेवले नाहीत. त्याच सुमारास नव्या संग्रहालयाची माणसं गावोगाव फिरत होती. त्यांच्यातल्या केतकी मॅडम आमच्या ओसरीवर बसल्या, कोरा चहा प्यायल्या, आणि भुगा झालेला कान बघून त्यांच्या डोळ्यांत खरोखर पाणी आलं. मी होते तिथे. नाटक नव्हतं ते. त्या म्हणाल्या, “काका, आम्हाला द्या. आमच्याकडे मोठे दाते आहेत, त्यांच्या मदतीने खास खोली बांधली आहे. वाळवी मारू, कान बसवू, नीट जपू.”

आबांनी त्यातलं ‘कान बसवू’ तेवढं ऐकलं. पूर्वी एकदा सोंगाची नथ मोडली होती तेव्हा शहापूरच्या एका रंगाऱ्याकडे नेऊन दिली होती, त्याने महिन्याभराने बसवून परत दिली होती. आबांच्या हिशोबाने हेही तसंच. गाडी गॅरेजला देतो, शर्ट शिंप्याला देतो, तसं सोंग दुरुस्तीला दिलं. गावकीने मान डोलावली, आबांनी सही केली, आणि देवी पांढऱ्या गाडीतून गेली. आबांनी तिला दारातून निघताना सांगितलं, “पुढल्या वैशाखाच्या आत ये गो आये.” केतकी मॅडमना वाटलं, म्हातारा किती भाविक आहे. त्यांना कळलंच नाही की त्यांना मुदत दिली जातेय.

मग सुरू झालं. मी राहते मुरबाडला, आठवड्याच्या सुटीला माहेरी जाते. दारात चप्पल काढायच्या आत आबांचा प्रश्न.

“झालं का गो?”

“काय?”

“सोंग. तुजी गाडी तिथनं जाती ना? इचारलंस का, झालं का?”

विचारलं, हजारदा विचारलं. ड्रायव्हरला “दोन मिनिटं रे दादा” म्हणून गेटवर पळत जाऊन विचारलं. पहिल्यांदा उत्तर आलं, वाळवीचं काम चालू आहे. मग आलं, कान बसला. आबांचा जीव भांड्यात पडला. मग केतकी मॅडम बाहेर आल्या, माझा हात हातात घेतला आणि समजावून सांगितलं की आता ते संग्रहात आहे, बाहेर काढता येणार नाही, घालता तर मुळीच येणार नाही. घामाने, श्वासाने खराब होतं. मी म्हटलं, “अहो मॅडम, श्वास घेतल्याशिवाय नाचायचं कसं?” त्या ओशाळल्या. “माझ्या हातात असतं तर,” म्हणाल्या. हातात कुणाच्याच काही नव्हतं. त्यांच्यावर संचालक, संचालकांवर समिती, समितीवर दाते. दात्यांना तरी काय म्हणणार? त्यांनी जपायला दिलं होतं आणि इथे जपलं जात होतं.

मी काही आंधळी नाही. ती इमारत बघितली की मान्य करावं लागतं. दारातच पितळी पाटीवर देणगीदारांची नावं, आत गारेगार, जमीन अशी की तोंड बघावं. आमच्या माळ्यावर राहिलं असतं तर आज त्या सोंगाचा उकिरडा झाला असता, हेही खरं. आश्रमशाळेच्या पोरी तिथे रांगेने येतात, खाली बसून सोंगांची चित्रं काढतात, त्यांना खडू आणि खाऊ मिळतो. त्याच दात्यांच्या पैशाने. मुंबईची माणसं येऊन “वा, वा” म्हणतात, ज्यांना आमचं गाव कुठल्या तालुक्यात आहे हे सांगता येणार नाही. चांगलंच आहे की. आमच्या भागातल्या धरणांचं पाणीही मुंबईला जातं आणि तिथे लोकांची तहान भागते, तेही चांगलंच आहे. आम्ही वैशाखात टँकरच्या मागे हंडे घेऊन धावतो, तेवढंच काय ते. पण त्याबद्दल कुणी पितळी पाटी लावत नाही.

एका सुटीला मी तिकीट काढून आत गेले. दुसऱ्यांची तिकिटं फाडण्यात जन्म गेला, स्वतःसाठी रांगेत उभं राहायचं म्हणजे गंमतच. देवी एका काचेच्या पेटीत होती. रंग उडालेला तसाच ठेवला होता. नवा दिला की म्हणे किंमत जाते. खाली लिहिलं होतं, ‘देवीचा मुखवटा. कागदाचा लगदा. कलाकार अज्ञात.’ हा अज्ञात घरी गोठा झाडत होता. त्याचंही खापर कुणावर फोडायला जागा नाही, कारण “कुणी बनवलं?” असं त्यांनी विचारलं तेव्हा आबांनीच सांगितलं होतं, “तिचं तिनंच.” आमच्याकडे असंच सांगतात. मळणाऱ्याने आपलं नाव घ्यायचं नसतं.

आणि मग मला तो आरसा दिसला. लोकांना मुखवट्याची रचना सगळीकडून कळावी म्हणून पेटीत मागच्या बाजूला आरसा बसवलेला. आरशात पाठ. उघडी, स्वच्छ, वरून दिव्याचा उजेड सोडलेला. मी झटकन मान फिरवली. आजूबाजूला बघितलं, आबा कुठून ओरडतील की काय म्हणून. मग म्हटलं, डोंबल, गावच्या पोरासोरांनी बघितली, मीच काय पाप केलंय, आणि बघितलं. आत काळपट डाग होता, तोंडासमोर, वर्षानुवर्षांच्या श्वासाचा. त्याच्या खाली पांगाऱ्याच्या मऊ लाकडाची एक पट्टी होती. सोंग हलू नये म्हणून ती दातात धरायची असते. पट्टीवर दातांचे वळ होते, ओळीने, आणि मधे एक जागा कोरी. आबांचा वरचा एक दात नाही. बैलाने मारला होता, माझ्या जन्माआधी.

मी तिथे उभी राहून ढसाढसा रडले. शेजारची एक बाई म्हणाली, “आर्ट असं हलवून टाकतं ना?” मी हो म्हटलं. काय सांगत बसायचं.

गेल्या वैशाखात मात्र गावात आनंदीआनंद झाला. संग्रहालयाने ठरवलं की या वर्षीचा बोहाडा आपल्या दात्यांना दाखवायचा, आणि त्या निमित्ताने देवीला गावात आणायचं. एका सकाळीपुरतं. आबांनी दाढी केली. आईने हिरवं लुगडं धुऊन वाळत घातलं. बाळू मुरबाडच्या एमआयडीसीतल्या कंपनीत कामाला, त्याने रजा टाकली, कारण आबा म्हणत होते की यंदा मान त्याला द्यायचा. मान द्यायचा म्हणजे थोरल्याने धाकट्याला स्वतःच्या हाताने सोंग चढवायचं, बस. त्याच्या आधी आबा एकदा, शेवटचं, स्वतः नाचणार होते. मी आईला हळूच म्हटलं, “घालू देतील असं वाटत नाही गो.” आई म्हणाली, “हितवर आणून घालू देनार नाय? असं कुनी करील का?”

उजाडता उजाडता पांढरी गाडी आली. मागे दात्यांची बस, त्यांच्या पाण्याच्या बाटल्या, टोप्या. गाडीतून देवी उतरली ती काचेच्या पेटीतच. हातमोजे घातलेल्या दोन माणसांनी पेटी रिंगणाच्या मधे टेबलावर ठेवली. सगळीकडून दिसावी म्हणून मधोमध. मागचा आरसा काढलेला, ती बाजूही उघडीच, लख्ख काच. आबा लुगडं नेसून, बांगड्या भरून तयार उभे होते. पंचा खांद्यावर. त्यांनी पेटीकडे बघितलं, केतकी मॅडमकडे बघितलं. मॅडम खाली बघत होत्या.

“काका, तुम्ही तिच्याभोवती नाचा ना. छान दिसेल.”

संबळवाल्याला काय करावं कळेना, त्याने वाजवायला सुरुवात केली. आबा काय करणार? आयुष्यभराची सवय, संबळ वाजला की पाय उचलतातच. ते नाचले. उघड्या तोंडाने. पिकलेल्या मिशा, पडलेला दात, डोळ्यांत झोप, आणि खाली हिरवं लुगडं. पुढच्या रांगेतली दोन पोरं खुदकन हसली. मला वाटलं त्या पोरांना थोबडावं, पण हसू येण्यासारखंच होतं ते. सोंगाशिवाय लुगडं नेसलेला म्हातारा, दुसरं काय दिसणार? राक्षस पडला, ओटीची वेळ झाली, बायका ताटं घेऊन पुढे आल्या आणि मधेच थांबल्या. एकीकडे पेटी, एकीकडे आबा.

सगळ्यात पुढे आई होती. ती आबांच्या समोर जाऊन उभी राहिली. तिने त्यांच्या तोंडाकडे बघितलं, आबांनी तिच्या. तिच्या हातातलं ताट कललं होतं, तांदूळ सांडत होते.

“नाय जमनार वो,” ती म्हणाली. “तुमी तुमीच दिसताव.”

आणि वळून पेटीकडे गेली. नारळ पेटीच्या काचेला टेकवला आणि काचेपुढे डोकं ठेवलं. तिच्यामागे सगळ्या बायका गेल्या. एकही आबांकडे आली नाही. मला आईचा राग आला नाही, अजूनही येत नाही. ती शिकवलेल्या रीतीने वागली. सोंग असेल तिथे देवी, नसेल तिथे नवरा. पण आबा रिकामा पदर पुढे धरून उभे होते, तो त्यांनी बराच वेळ खाली सोडला नाही.

दात्यांमध्ये एक वयस्कर बाई होत्या, साधी सुती साडी, हातात काठी. देवीच्या खोलीचा खर्च त्यांनी यजमानांच्या स्मरणार्थ दिला होता. त्या आपणहून आबांजवळ आल्या, एवढ्या माणसांत त्या एकट्याच आल्या. आबांचा हात धरून मनापासून म्हणाल्या, “दादा, तुम्ही अगदी काळजी करू नका. आता हिला कधीच काही होणार नाही.”

“कदीच?” आबांनी विचारलं.

“कधीच नाही. हवा, ओल, कीड, काही लागणार नाही. तुमची नातवंडं-पणतवंडं बघतील, अशीच्या अशी.”

“फुटनार नाय?”

“छे हो! फुटेल कशी?” बाई हसल्या. त्यांना वाटलं आपण म्हाताऱ्याला धीर दिला. आबांचा चेहरा मी बघत होते. लगद्याची मूठ, काळूचा पूर, नवं सोंग, बाळूचा मान, सगळं त्या एका ‘छे’मध्ये संपलं आणि ते त्यांना तिथल्या तिथे समजलं. मला समजायला घरी जाईपर्यंत वेळ लागला.

मग आबा पेटीच्या मागे गेले. पाठ सगळ्यांना दिसत होती, पोरं काचेला नाक लावून आत बघत होती. आबांनी खांद्यावरचा पंचा काढला, झटकला आणि पेटीच्या मागच्या काचेवर टाकला, पूर्वी सोंग उचलताना टाकायचे तसाच. हातमोजेवाला धावला, “काका, ते काढा, लोकांना मागूनही बघायचंय.”

“बगायची नसती ती,” आबा म्हणाले आणि घराकडे चालू लागले, बांगड्या वाजवत.

पंचा कुणी काढला नाही. तो पेटीसकट गेला. महिन्याभराने मी पुन्हा आत जाऊन बघितलं तर आरसा परत जिथल्या तिथे होता, पाठ उघडी होती, आणि पेटीत एका बाजूला आबांचा पंचा घडी घालून ठेवला होता. खाली चिठ्ठी, ‘विधीत वापरले जाणारे वस्त्र.’ त्यावर सुपारीचा डाग होता, तोही जपलाय. मी घरी येऊन सांगितलं तेव्हा आबा पोट धरून हसले. कित्येक महिन्यांत पहिल्यांदा. “धुतलेला तरी द्याला पायजे व्हता,” म्हणाले.

गावाने त्यांना खूप सांगितलं की नवं करा. बाळूने तर शहापूरहून रंग आणले. आबा नाही म्हणतात. ती तिथे बसलीय, अख्खी, धडधाकट, मग इथे नव्या तोंडात कोण येणार? रिकामं तोंड नाचवायचं का? बाळू चिडतो, म्हणतो, “आबा, तुमच्या असल्या वागन्यानंच सगळं बुडतंय.” चिडून कंपनीत ओव्हरटाइमला जातो. त्याचंही खरंच आहे. यंदा बोहाडा होणार, पण राक्षस मरणार नाही. मारायला कुणी नाही. उजाडलं की तो उठून आपल्या पायांनी घरी जाईल, असं गावकीचं ठरलंय.

आबा आता फार थकलेत. ओसरीवर पडून असतात, राबाच्या धुराने खोकतात. गेल्या आठवड्यात मी गेले तर हाताने जवळ बोलावलं. मी त्यांच्या उशाशी बसले. पूर्वी ते विचारायचे, झालं का. आता गेलं वर्षभर वेगळंच विचारतात, हळू आवाजात, आईला ऐकू जाणार नाही असं. तेच विचारलं.

“फुटलं का गो?”

मी आदल्याच दिवशी ड्युटीवर असताना गेटवरून गेले होते. नवीन दात्यांची नावं लावायला पितळी पाटी उतरवली होती, दोन माणसं ती पुसत होती.

“नाही आबा,” मी म्हटलं. “चांगलं आहे. खूप जपलंय त्यांनी.”

त्यांनी डोळे मिटले. डोळे न उघडताच म्हणाले, “पुढल्या सुटीला परत बघ.”